नकाशात नसलेली नळी

दौगावा नदीच्या काठी, पाइनच्या रानात
एक इमारत आहे, ती आम्ही हळूहळू नाहीशी करतो आहोत.
बांधायला चार वर्षं लागली होती.
मोडायला बाविसावं चालू आहे.

मी स्वतः काही पाडत नाही. मी बघते.
हुद्दा तपासनीस.
कंत्राटदाराची माणसं माझ्यामागे मला काय म्हणतात
ते मला ठाऊक आहे;
त्यांच्याच टेबलाशी बसून मी राईचा काळा पाव खाते
तेव्हा ती हवामानाबद्दल बोलतात.

रिअॅक्टरचा हौद केव्हाच उपसला.
त्या पाण्यात म्हणे निळा उजेड असायचा.
ज्यांनी पाहिला ते सांगताना आवाज खाली आणतात,
पहिल्या बायकोबद्दल बोलावं तसा.
मी आले तेव्हा तळाशी एक शिडी होती
आणि कुणाचा तरी रबरी बूट, डाव्या पायाचा,
त्याला चिठ्ठी बांधलेली: क्रमांक, तारीख, मोजमाप.
इथून कचरासुद्धा नाव सांगितल्याशिवाय बाहेर पडत नाही.

मार्चमध्ये तळघराची भिंत कापायची होती.
नकाशा रशियन, शिक्के तीन, सह्या पाच,
आणि भिंत अगदी नकाशाबरहुकूम, कोरी.
करवत आणून ठेवलेली.
मुकादम तालिवाल्डिस म्हणाला, बाई, तुमची सही तेवढी राहिलीय.

सही मी केली नाही.
आदल्या रात्री जुन्या रोजनिशीत
फेब्रुवारीच्या एका पानावर, रात्रपाळीच्या रकान्यात
दीड ओळ खरवडलेली दिसली होती.
खोडरबरानं नव्हे. नखानं.

अर्काद्यी सावेल्येविच भाच्याकडे राहतात. वय शहाऐंशी.
आधी त्यांनी विचारलं, ती वही अजून आहे?
मग हसले, आणि वर्तमानपत्राच्या कडेला
पेन्सिलीनं एक भिंत काढली, भिंतीतून एक रेघ.
"पंप गळत होता. सकाळी मॉस्कोहून साहेब येणार.
आम्ही दोघांनी रात्रीत नळी टाकली, अंगठ्याएवढी.
पहाटे गिलावा, दुपारी चुना.
नळी कागदावर आली असती तर
गळतीही कागदावर आली असती, मुली."
पुढे काय झालं?
"काय होणार? काहीच झालं नाही."

काहीच झालं नाही.
माझ्या धंद्यात मी याच वाक्याला भिते.
म्हातारी कधी मरते, कधी वाचते;
काळ तेवढा दर वेळी सोकावतो.

काम अकरा दिवस बंद.
प्रत्येक दिवसाचा खर्च मला दशांश चिन्हासकट कळवण्यात आला.
मंत्रालयातून एक अतिशय सभ्य फोन आला.
तालिवाल्डिस आपला डबा घेऊन ट्रकमध्ये जेवू लागला.
बाराव्या दिवशी छिन्नीनं, चमच्यानं उकरावं तसं
थोडं थोडं उकरलं.
नळी होती. वर्तमानपत्रातल्या रेघेपेक्षा एक वीत खाली.
आत घोटभर पाणी, पन्नास वर्षांचं,
आणि मीटर, जो सकाळपासून पेंगत होता,
एकदम बोलायला लागला.

करवत ज्याच्या हातात असणार होती
तो राइविस, तेवीस वर्षांचा, माझ्या शेजारीच उभा होता.
मास्कच्या काचेआड जांभई देत होता.
त्याला मी काही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी तालिवाल्डिस टेबलाशी परतला,
काकडीच्या लोणच्याची बरणी न बोलता माझ्याकडे सरकवली.
हवामानाबद्दल कुणीच बोललं नाही.

योजनेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय: हिरवं मैदान.
तिथं एक दिवस गवत उगवेल, पावसानंतर अळंबी येतील,
आणि कुणीतरी टोपलीत वेचून, थबकून विचारेल,
खाऊ का?
त्या माणसाला उत्तर देण्यासाठी मी आजपासून लिहिते आहे.

अर्काद्यी सावेल्येविच म्हणाले होते, माझं नाव नको.
मी लिहिलं. पूर्ण, बापाच्या नावासकट.
नखानं खरवडलेल्या ओळीवर
मी आणखी एक ओळ खरवडू शकत नव्हते.
नववर्षाला मी त्यांना फोन केला.
भाच्यानं उचलला.
मागून त्यांचाच आवाज आला, स्वच्छ रशियनमध्ये:
सांग तिला, घरी नाहीत.